प्रायमरीतलं मत आणि डेनिस कुसिनिच

2007 च्या बकरी ईदच्या दिवशी न्यू जर्सीहून भाच्याचा फोन आला. ईद मुबारक झालं, कुर्बानीची चौकशी झाली, आणि मग त्याने विचारलं, "मामू, 5 फेब्रुवारीला आमच्याकडे प्रायमरी आहे. पहिल्यांदाच मत देणार आहे. हिलरी की ओबामा?"

मी म्हटलं, "डेनिस कुसिनिच."

तो जोरात हसला. "तो उडती तबकडी बघितलेला? मामू, तो कुठे निवडून येतोय! मत वाया जाईल."

अमेरिकेत राहणाऱ्या, बऱ्यापैकी शिकलेल्या, इराकच्या युद्धावर दरवेळी तावातावाने बोलणाऱ्या माझ्या भाच्याला या माणसाबद्दल एवढीच माहिती होती: त्याने उडती तबकडी पाहिली आणि तो निवडून येणार नाही. मग आपल्याकडच्या वाचकांना त्याचं नावही ठाऊक नसलं तर त्यात आश्चर्य नाही. मला अमेरिकेत मताचा अधिकार नाही. पण त्या देशाचा राष्ट्राध्यक्ष कोण होतो यावर बगदादमधल्या माणसाचं जगणं-मरणं ठरतं आणि तेहरानमधल्या माणसाची झोप ठरते. शिवाय आपल्यापैकी अनेकांची मुलं, भाचे-पुतणे आज तिथले नागरिक आहेत. त्यांच्याशी आपण पगार, घर आणि बर्फ यांवर बोलतो, तसं यावरही बोलायला हवं. म्हणून फोनवर जे नीट सांगता आलं नाही ते इथे लिहितो.

आधी ही प्रायमरी म्हणजे काय ते थोडक्यात. आपल्याकडे पक्षाचं तिकीट दिल्लीत ठरतं. कार्यकर्ता बंगल्याबाहेर उभा राहतो आणि यादी आतून येते. अमेरिकेत पक्षाचा उमेदवार कोण हे त्या पक्षाचे मतदार राज्याराज्यांत मत देऊन ठरवतात. 2008 साली 3 जानेवारीला आयोवा राज्यातल्या सभांपासून सुरुवात होणार होती, 8 जानेवारीला न्यू हॅम्पशायर, 5 फेब्रुवारीला न्यू जर्सीसह वीसहून जास्त राज्यं. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ऑगस्टमध्ये डेन्व्हरच्या अधिवेशनात जाहीर होणार होता. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन उमेदवाराशी खरी लढत. म्हणजे मतदाराला दोनदा मत देता येतं. पहिल्यांदा 'आपला माणूस कोण' हे सांगायला आणि दुसऱ्यांदा 'दोघांतला बरा कोण' हे सांगायला. भाच्याने पहिल्या मताला दुसऱ्या मताचा नियम लावला होता. माझी तक्रार तिथेच आहे.

आता हा कुसिनिच कोण?

ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरातला कामगार घरातला मुलगा. सात भावंडांत सर्वांत मोठा. भाडं थकायचं, घर बदलायचं. सतरा वर्षांचा होईपर्यंत एकवीस ठिकाणी राहिला आणि त्यातले काही दिवस हे कुटुंब मोटारीत झोपलं. 1977 साली, वयाच्या 31 व्या वर्षी, तो क्लीव्हलँडचा महापौर झाला. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहराला इतका तरुण महापौर तोवर मिळाला नव्हता. निवडणुकीत त्याचं मुख्य वचन एकच होतं: शहराची वीज कंपनी विकू देणार नाही.

मुंबईकरांना हे चटकन कळेल. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज बेस्ट देते आणि बेस्ट महापालिकेची आहे. क्लीव्हलँडमध्ये तशीच 'म्युनी लाइट' नावाची महापालिकेची वीज सेवा होती. शेजारी मोठी खासगी कंपनी होती. म्युनी लाइटची वीज स्वस्त, त्यामुळे खासगी कंपनीला दर मनासारखे वाढवता येत नव्हते. आधीच्या महापौराने ती विकायचं ठरवलं होतं. कुसिनिचने येताच तो सौदा रद्द केला.

मग खरी परीक्षा आली. शहराने बँकांकडून घेतलेल्या सुमारे दीड कोटी डॉलरच्या कर्जाची मुदत 15 डिसेंबर 1978 ला संपत होती. अशी कर्जं एरवी नवी करून मिळतात. या वेळी शहरातल्या सर्वांत मोठ्या बँकेचा निरोप आला: म्युनी लाइट विका, मग बघू. त्या बँकेचे आणि खासगी वीज कंपनीचे हितसंबंध एकमेकांत गुंतलेले होते. महापौराला सही करून खुर्ची वाचवता आली असती. त्याने सही केली नाही. रात्री बारा वाजता क्लीव्हलँड कर्ज बुडवणारं शहर ठरलं. 1930 च्या मंदीनंतर अमेरिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरावर अशी वेळ पहिल्यांदाच आली होती. वर्तमानपत्रांनी त्याला पोरकट ठरवलं. त्याआधी ऑगस्टमध्ये त्याला परत बोलावण्यासाठी मतदान झालं होतं, त्यातून तो 236 मतांनी वाचला होता. 1979 च्या निवडणुकीत मात्र तो पडला.

पण त्याच वर्षी फेब्रुवारीत एक वेगळं मतदान झालं होतं, ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. म्युनी लाइट विकायची का, असं लोकांना थेट विचारलं गेलं. लोकांनी मोठ्या बहुमताने 'नको' सांगितलं आणि वर आपलाच कर वाढवून घ्यायला संमती दिली. वीज कंपनी शहराकडे राहिली, आजही आहे. महापौर मात्र घरी गेला आणि पुढची सुमारे पंधरा वर्षं राजकारणात त्याला कुणी फारसं विचारलं नाही. मग हळूहळू लोकांच्या लक्षात आलं की त्या 'पोरकट' निर्णयामुळे आपलं विजेचं बिल कमी येतंय. 1994 साली तो राज्याच्या सिनेटवर निवडून आला. त्याच्या प्रचाराच्या पाट्यांवर विजेचा दिवा होता. 1996 साली तो संसदेच्या प्रतिनिधीगृहात पोचला आणि 1998 साली क्लीव्हलँडच्या नगरपालिकेने त्याचा जाहीर गौरव केला.

आपण एन्रॉन पाहिलं आहे. गुहागर तालुक्यात अमेरिकन कंपनी आली, करार झाले, विजेचा दर राज्य वीज मंडळाला पेलवेना, 2001 मध्ये खरेदी थांबली आणि त्याच वर्षाअखेरीस एन्रॉनचं दिवाळं निघालं. त्या करारांना सुरुवातीपासून विरोध करणाऱ्यांनाही विकासाचे शत्रू म्हटलं गेलं होतं. योग्य वेळी 'नाही' म्हणणाऱ्याला लोक वेडा ठरवतात. दहा वर्षांनी त्याचं म्हणणं पटतं, तोवर त्याची खुर्ची गेलेली असते.

कुसिनिचने दुसरा 'नाही' म्हटला तो 2001 मध्ये. न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर सहा आठवड्यांत पॅट्रियट कायदा आला. घराची झडती, फोन ऐकणं, वाचनालयातून कुणी कुठलं पुस्तक नेलं याची चौकशी, परदेशी माणसाला डांबून ठेवणं, असे अधिकार सरकारला मिळाले. प्रतिनिधीगृहात 357 विरुद्ध 66 मतांनी तो मंजूर झाला. त्या 66 मध्ये कुसिनिच होते. सिनेटमध्ये तर एकट्या रस फाइनगोल्ड यांनी विरोध केला. हिलरी क्लिंटन, जॉन एडवर्ड्स, जो बायडन, ख्रिस डॉड या चौघांनी बाजूने मत दिलं, आणि हे चौघेही 2008 च्या शर्यतीत कुसिनिचचे स्पर्धक होते. ओबामा तेव्हा सिनेटमध्ये नव्हते. पण 2006 साली कायद्याची मुदत वाढवायची वेळ आली तेव्हा त्यांनीही होकार दिला.

हा कायदा काय करतो हे आपल्याला कुणी अमेरिकेतून येऊन सांगायची गरज नाही. 1985 चा टाडा, 2002 चा पोटा, आपल्या राज्याचा 1999 चा मोक्का. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, भीती खरी होती. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की निरपराधांना घाबरायचं कारण नाही. आणि प्रत्येक वेळी आपल्या मोहल्ल्यांतली पोरं वर्षानुवर्षं आत राहिली. त्यातली कितीतरी शेवटी निर्दोष सुटली, पण सुटेपर्यंत आई गेलेली, लग्न मोडलेलं, नोकरी गेलेली. लोक घाबरलेले असताना जो खासदार उभा राहून म्हणतो की थांबा, कायदा आधी वाचू या, त्याची किंमत आपल्याला कळायला हवी. कुसिनिच रोमन कॅथलिक आहेत. त्या कायद्याने त्यांच्या घरचं कुणी उचललं जाणार नव्हतं. न्यायाची साक्ष द्यायची तर आपला-परका बघायचा नाही, ही शिकवण आपल्याकडे मिंबरवरून दिली जाते. इथे एका परक्या माणसाने ती आपल्यासाठी पाळली.

तिसरा 'नाही' इराकचा. 10 ऑक्टोबर 2002 ला प्रतिनिधीगृहाने बुश यांना युद्धाची परवानगी दिली, 296 विरुद्ध 133. सिनेटमध्ये 77 विरुद्ध 23. क्लिंटन, एडवर्ड्स, बायडन, डॉड या चौघांनीही युद्धाला मत दिलं. कुसिनिच नुसते विरोधात मत देऊन बसले नाहीत. मतदानाआधी त्यांनी ठरावातला एकेक दावा घेऊन त्याला पुरावा कसा नाही हे लिहून सहकाऱ्यांना वाटलं, त्यांच्या भेटी घेतल्या, विरोधकांची मोट बांधली. निकाल असा की प्रतिनिधीगृहातल्या 126 डेमोक्रॅट सदस्यांनी युद्धाला विरोध केला आणि 81 जणांनी पाठिंबा दिला. पक्षाचे तिथले नेते बुश यांच्या बाजूला होते आणि बहुसंख्य सदस्य या 'न निवडून येणाऱ्या' माणसाच्या बाजूला होते.

पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. महासंहारक अस्त्रं सापडली नाहीत. 2007 अखेरपर्यंत 3,900 च्या आसपास अमेरिकन सैनिक मेले. इराकी किती मेले यावर वाद आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या 2006 च्या पाहणीचा अंदाज साडेसहा लाखांचा होता, इतरांचे अंदाज बरेच कमी आहेत. पण कमीत कमी आकडा घेतला तरी तो हजारोंच्या घरात आहे. 2007 मध्ये चाळीस लाखांहून अधिक माणसं घर सोडून देशात किंवा देशाबाहेर वणवण फिरत होती.

आता ऐका. सप्टेंबर 2007 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या वादसभेत थेट प्रश्न विचारला गेला: 2013 च्या जानेवारीपर्यंत, म्हणजे तुमची पहिली कारकीर्द संपेपर्यंत, इराकमधून सगळं सैन्य परत आणाल असं वचन देता का? क्लिंटन, ओबामा, एडवर्ड्स या तिघांनीही वचन दिलं नाही. युद्धाविरुद्धच्या लाटेवर स्वार झालेले तीन मोठे उमेदवार पाच वर्षांनंतरचंही वचन द्यायला तयार नव्हते! कुसिनिच यांनी मात्र 2007 मध्येच संसदेत विधेयकच मांडलं होतं: ताबा संपवा, लष्करी तळ बंद करा, आंतरराष्ट्रीय शांतिसेना आणा, इराकी लोकांना नुकसानभरपाई द्या. आणि जी गोष्ट कुणी उच्चारत नाही ती त्यांनी मे महिन्यात सभागृहात सुमारे तासभर उभं राहून सांगितली: इराकवर जो तेलाचा कायदा करायचा दबाव आणला जातोय तो तिथलं तेल परदेशी कंपन्यांच्या हाती देण्यासाठी आहे.

पुढचा नंबर इराणचा लागू नये म्हणूनही त्यांच्याकडे पाहायला हवं. सप्टेंबरमध्येच सिनेटने इराणच्या रिव्होल्युशनरी गार्डला दहशतवादी संघटना ठरवा, असा सूर लावणारी दुरुस्ती मंजूर केली. क्लिंटन यांनी बाजूने मत दिलं, ओबामा मतदानाला हजर नव्हते. आणि मग 3 डिसेंबर 2007 ला अमेरिकेच्याच गुप्तचर संस्थांचा अहवाल आला की इराणने अण्वस्त्रांचा कार्यक्रम 2003 मध्येच थांबवला. इराकच्या वेळी झालं तेच पुन्हा होऊ पाहत होतं. कुसिनिच यांनी तेव्हाचे उपाध्यक्ष चेनी यांच्यावर महाभियोगाचा ठराव एप्रिल 2007 मध्ये मांडला. त्यातला एक आरोपच असा होता की ते पुरावा नसताना इराणला युद्धाच्या धमक्या देत आहेत. तेव्हा सगळे हसले होते. 2006 च्या उन्हाळ्यात लेबनॉनवर बाँब पडत होते तेव्हाही तातडीच्या युद्धबंदीचा ठराव त्यांनीच आणला होता.

भाच्याच्या मनात फक्त मुस्लिम देशांचे प्रश्न असतील असं मी मानत नाही, आणि ते तसं नसावंच. तो तिथला नागरिक आहे, त्याला तिथल्या सगळ्यांचा विचार करायला हवा. 2006 मध्ये अमेरिकेत 4 कोटी 70 लाख लोकांकडे आरोग्य विमा नव्हता. क्लिंटन आणि ओबामा दोघांच्याही योजनांत विमा कंपन्या जागच्या जागी राहत होत्या. कुसिनिच आणि जॉन कॉनियर्स यांचं विधेयक म्हणत होतं की म्हाताऱ्यांसाठी जशी सरकारी मेडिकेअर आहे तशी ती सगळ्यांना द्या आणि विमा कंपन्यांचा नफा मधून काढा. दवाखान्याच्या बिलापायी घर विकलेली माणसं भाच्याने स्वतः पाहिली आहेत. त्याला हे समजावून सांगायची गरज पडली नाही.

आता दुसरी बाजू. ती लपवली तर हा लेख प्रचारपत्रक होईल.

कुसिनिच प्रत्येक वेळी एकटे उभे राहिले असं नाही. 14 सप्टेंबर 2001 ला बुश यांना बळाचा वापर करण्याची मोकळी परवानगी देणारा ठराव आला, तेव्हा प्रतिनिधीगृहात 420 विरुद्ध 1 असं मतदान झालं. तो एक म्हणजे कॅलिफोर्नियाच्या बार्बरा ली. कुसिनिच त्या दिवशी 420 मध्ये होते. गर्भपाताच्या प्रश्नावर ते अनेक वर्षं पक्षाच्या उलट मत देत होते आणि अध्यक्षपदाची तयारी सुरू झाल्यावर बदलले. ते बदल मनापासून झाल्याचं सांगतात, पण वेळ सोयीची होती हे नाकारता येत नाही. 2004 मध्येही ते उभे होते, आणि आयोवात आपल्या पाठीराख्यांना त्यांनी सांगितलं की आपली संख्या पुरेशी नसेल तिथे एडवर्ड्स यांच्याकडे जा. एडवर्ड्स, म्हणजे युद्धाला मत दिलेले. हे मला तेव्हाही पटलं नव्हतं. खुल्या व्यापाराच्या करारांना त्यांचा कडवा विरोध आहे. पुण्या-बंगळूरच्या संगणकवाल्यांना तो कितपत मानवेल, मला शंका आहे. शिवाय सरकारात 'शांतता खातं' काढायचं त्यांचं विधेयक अनेकांना भाबडं वाटतं. मला तसं वाटत नाही. युद्धासाठी अख्खं खातं असू शकतं तर शांततेसाठी का नको?

आणि उडती तबकडी. 30 ऑक्टोबर 2007 च्या फिलाडेल्फियातल्या वादसभेत सूत्रसंचालकाने कुसिनिचना विचारलं की शर्ली मॅक्लेन या अभिनेत्रीने लिहिलंय तशी तुम्ही तबकडी पाहिलीत का? त्यांनी सरळ सांगितलं, हो, काहीतरी पाहिलं, काय होतं ते ओळखता आलं नाही. खोटं बोलून वेळ मारून नेता आली असती. दुसऱ्या दिवशी सगळ्या बातम्यांत तेवढंच. ज्यांनी इराकमध्ये नसलेली अस्त्रं पाहिली त्यांना कुणी हसलं नाही. एक माणूस आकाशात काहीतरी पाहिलं म्हणतो, त्याला मात्र देश हसतो. या तबकडीने कुणाचं घर पडलं नाही.

आता मुख्य मुद्दा: 'निवडून येणार नाही.'

खरं आहे. पाहण्यांत त्यांना दोन-तीन टक्के मिळत होते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या नियमांनुसार 15 टक्क्यांच्या आत राहिलेल्याला प्रतिनिधीही मिळत नाहीत. पण हे दोन-तीन टक्के कसे तयार होतात तेही बघा. सप्टेंबर 2007 अखेर क्लिंटन आणि ओबामा यांनी प्रत्येकी साडेसात कोटी डॉलरहून जास्त निधी जमवला होता. कुसिनिच यांचा आकडा वीस लाखांच्या आसपास. पैसा नाही म्हणून जाहिरात नाही, जाहिरात नाही म्हणून पाहणीत नाव नाही, नाव नाही म्हणून वादसभेत वेळ नाही. डिसेंबर 2007 मध्ये आयोवातल्या शेवटच्या मोठ्या वादसभेतून त्यांना वगळलं. कारण काय? त्या राज्यात त्यांच्या प्रचाराचं भाड्याचं कार्यालय नव्हतं, त्यांचा माणूस स्वतःच्या घरून काम करत होता! ज्याचं बालपण भाड्याच्या घरांतून हाकललं जाण्यात गेलं, त्याला म्हातारपणी भाड्याचं ऑफिस नाही म्हणून दाराबाहेर ठेवलं. आणि मग म्हणायचं, लोकांना हा माणूस नको आहे.

दुसरं असं की 'जिंकणाऱ्याला मत' हा सौदा अमेरिकेतल्या मुस्लिमांनी करून पाहिला आहे. 2000 साली तिथल्या प्रमुख मुस्लिम संघटनांच्या समन्वय समितीने एकगठ्ठा पाठिंबा जाहीर केला होता. कुणाला? जॉर्ज बुश यांना. कारण बुश वादसभेत बोलले होते की अरब लोकांविरुद्ध गुप्त पुरावे वापरणं चूक आहे. हुशारीचं मत होतं ते. वर्षभरात पॅट्रियट कायदा आला, दोन वर्षांत ग्वांतानामो, अडीच वर्षांत इराक. मग 2004 मध्ये बुशना हरवायचं म्हणून मतं केरींना. केरींनी स्वतः इराक युद्धाला मत दिलं होतं, आणि ते हरलेही. दोनदा डोकं चालवून मत दिलं. हाती काय आलं?

आपल्याला हे ओळखीचं आहे ना? प्रत्येक निवडणुकीत आपल्याला सांगितलं जातं की अमुक पक्षाला हरवू शकेल त्यालाच मत द्या. आपण देतो. त्यात चूक नाही, जीव वाचवायचा असतो. पण असं वर्षानुवर्षं चाललं की ज्याला मत देतो त्याला आपल्यासाठी काही करायची गरजच उरत नाही. त्याला माहीत असतं, हे जाणार कुठे? सच्चर समितीचा अहवाल 2006 मध्ये आला. साठ वर्षं आपण 'हरवणाऱ्याला' मतं दिली त्याचं प्रगतिपुस्तकच आहे ते. आपल्याकडे एकच फेरी असते, म्हणून आपण अडकतो. भाच्याला दोन फेऱ्या आहेत. नोव्हेंबरमध्ये त्याने रिपब्लिकन उमेदवाराला रोखायला खुशाल हिलरी किंवा ओबामाला मत द्यावं, मीही तेच सांगेन. मक्का-मदिनेवर हल्ल्याची धमकी द्यावी असं म्हणणारे टॉम टँक्रेडो डिसेंबर 2007 पर्यंत त्या पक्षाच्या उमेदवारांत होते, तेव्हा ती भीती काही काल्पनिक नाही. पण फेब्रुवारीतलं मत हे भीतीचं मत असायचं कारण नाही.

आणि पहिल्या फेरीतली हरलेली मतं खरंच वाया जातात का? 2004 मध्ये युद्धविरोधी हॉवर्ड डीन हरले. वर्षभरात तेच पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. 2006 मध्ये कनेक्टिकटच्या प्रायमरीत मतदारांनी युद्धसमर्थक सिनेटर जो लीबरमन यांना पाडून फारसं कुणाला माहीत नसलेल्या नेड लॅमाँट यांना उभं केलं. लीबरमन पुढे अपक्ष म्हणून निवडून आले, पण त्या दिवशी सगळ्या पक्षाला कळलं की युद्धाला मत दिलेलं लोक विसरत नाहीत. एडवर्ड्स यांनी 2005 मध्ये आपल्या इराक मताबद्दल जाहीर चूक कबूल केली. ती त्यांना कुठल्या पुस्तकातून सुचली नव्हती, मतदारांच्या रागातून सुचली होती. 2007 मध्ये मोठे उमेदवार सैन्य परत आणायची भाषा तरी करत होते, ती या हरलेल्या मतांनी त्यांच्या तोंडी घातली होती. कुसिनिच यांना दोन टक्क्यांऐवजी आठ टक्के पडले तर ते अध्यक्ष होणार नाहीत. पण जो होईल त्याला कळेल की इराणवर बाँब टाकायच्या आधी आठ टक्क्यांचा हिशेब करावा लागेल.

ओबामांबद्दल दोन शब्द, कारण भाच्याचा कल तिकडे आहे. ते 2002 मध्ये शिकागोत युद्धाविरुद्ध बोलले होते, ही त्यांची जमेची बाजू आहे. मात्र सिनेटमध्ये आल्यावर मे 2007 पर्यंत युद्धाच्या खर्चाला ते मत देत राहिले. ते लपून मुसलमान आहेत अशा ईमेल 2007 मध्ये फिरत होत्या. ते उत्तर देत, मी ख्रिस्ती आहे. उत्तर खरं आहे. पण असतो मुसलमान तर त्यात वाईट काय, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नव्हतं. 2006 मध्ये मिनेसोटाने कीथ एलिसन यांना संसदेत पाठवलं, त्यांनी जेफरसनच्या संग्रहातल्या कुरआनवर हात ठेवून शपथ घेतली. त्या देशात हेही शक्य आहे. ते शक्य झालं कारण तिथल्या लोकांनी आधी त्यांच्या नावावर शिक्का मारायची हिंमत केली. 'हा निवडून येईल का' हे विचारत बसले असते तर एलिसन संसदेत पोचलेच नसते.

रात्री भाच्याला परत फोन केला. वरचं बरंचसं सांगितलं. क्लीव्हलँडच्या विजेची गोष्ट त्याने शांतपणे ऐकली. मग म्हणाला, "मामू, मित्रांना सांगितलं तर हसतील."

मी म्हटलं, "हसू दे. त्यांना विचार, 2002 मध्ये बरोबर कोण होतं. नाव आठवेपर्यंत थांब."

तो म्हणाला, विचार करतो. मी त्याला एवढंच सांगितलं की न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसली तरी त्या दिवशी केंद्रावर डेमोक्रॅट म्हणून नाव सांगून मत देता येतं. तेवढं विसरू नको, आणि निघताना अम्मीला फोन कर.